सांबराच्या शिंगाची प्लास्टिकची मूठ

माझ्या मामीनं मामाच्या रिव्हॉल्वरनं चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, नांग्या फोडायला घेतल्या आणि दोन-तीन नांग्या झाल्यावर रिव्हॉल्वरची मूठच फुटली. नांगी शाबूत राहिली. मामी फोनवर मला हे सांगत होती तेव्हा तिचा सगळा राग त्या चिंबोरीवर होता.

मामा तेव्हा उज्जैनला गेला होता. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहण्याची खाज असलेल्या एका गृहस्थानं सोनिवलीतल्या सगळ्या ज्येष्ठांना बस करून देवदर्शनाला नेलं होतं. मामाला महाकालापेक्षा एसी बसचं आकर्षण जास्त. जाताना त्यानं कपाटाची किल्ली मामीकडे दिली आणि रिव्हॉल्वरकडे लक्ष ठेव म्हणून बजावलं. मामीनं लक्ष ठेवलंच म्हणायचं, फक्त स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

तिचं म्हणणं असं की चूक बिल्डरची आहे. मामाच्या जमिनीवर बिल्डिंग झाली, मोबदल्यात त्यांना वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जिथं म्हशी बांधायचे तिथं आता लिफ्ट आहे. फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आहे, चिमणी आहे, भिंतीत बसवलेला ओव्हन आहे. तो मामी पापड ठेवायला वापरते. पण पाटा-वरवंटा तेवढा जुन्या घराबरोबर गेला. आता चिंबोरीची नांगी मिक्सरमध्ये फुटत नाही आणि लाटण्याला दाद देत नाही. मग तिला कपाटातल्या घोड्याची आठवण झाली. मामी रिव्हॉल्वरला घोडाच म्हणते. गोळ्या मामा बडीशेपेच्या जुन्या डब्यात वेगळ्या ठेवतो, तरीही तिनं चक्री फिरवून रिकामी असल्याची खात्री केली, नळी धरली आणि मुठीनं ठोकायला सुरुवात केली. वजनाला अगदी बरोबर होता, असं तिनं मला नंतर सांगितलं. अजूनही सांगते.

आता ही मूठ म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. रिव्हॉल्वर मूळ माझ्या आजोबांचं, म्हणजे मामाच्या वडिलांचं. त्यांच्यामागे लायसन्स मामाच्या नावावर झालं. मामानं जन्मात एक गोळी झाडलेली नाही. पण गावात त्या रिव्हॉल्वरला जी इज्जत होती ती मुठीमुळे. मुठीच्या दोन्ही बाजूंना सांबराच्या शिंगाच्या पट्ट्या बसवलेल्या. पिवळसर पांढऱ्या, वर तपकिरी रेघा, खडबडीत. आजोबांनी डोंगरात सांबर मारलं, त्याच्या शिंगातून कारागिराकडून या पट्ट्या करून घेतल्या, ही गोष्ट आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मामा प्रत्येक हळदीला शर्ट जरा वर खोचून बसायचा, म्हणजे मूठ दिसावी. दिसली की कोणीतरी विचारायचं. विचारलं की सांबर उठायचं, पळायचं, ओढ्यापाशी वळून बघायचं आणि मरायचं. दरवर्षी ते सांबर थोडं मोठं होत होतं. माझ्या लग्नापर्यंत ते बैलाएवढं झालं होतं.

मामीनं मला फोन करण्याचं कारण माझा धंदा. उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये माझा आणि माझ्या नवऱ्याचा गाळा आहे. आम्ही रेझिनचं ओतकाम करतो. सुऱ्यांच्या मुठी, कपाटांचे नॉब, हस्तिदंती दिसणाऱ्या देवघराच्या खुंट्या, शिसवी दिसणारे छत्रीचे दांडे. जे आहे तसं दिसणार नाही आणि जे दिसतंय ते नाही, असं काहीही आमच्याकडे मिळतं. मामीला आजवर या धंद्याची थोडी लाजच वाटायची. लग्नकार्यात ती माझी ओळख "अंबरनाथला दिलेली भाची" एवढीच करून द्यायची. त्या दिवशी मात्र तिला माझ्या धंद्याचा एकदम अभिमान वाटायला लागला.

मी तिला सांगितलं, रिव्हॉल्वर घराबाहेर काढू नकोस, तुझ्या नावावर लायसन्स नाही, आणि माझ्या गाळ्यावर तर ते अजिबात नको. फक्त स्क्रू काढ आणि पट्ट्या घेऊन ये. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षातून उतरली. हातात स्टीलचा डबा. डब्यात खाली चिंबोऱ्यांचं कालवण आणि वरच्या खणात रुमालात गुंडाळलेल्या पट्ट्या. एक धड, दुसरीचे दोन तुकडे.

मी तुकडा हातात घेतला आणि मला लगेच कळलं. यात हुशारी काही नाही. हलवायाला दुधात पाणी कळतं तसं. शिंग तुटलं की आत भुसभुशीत दिसतं, बारीक भोकं दिसतात. हे आतून बाहेरपर्यंत एकसारखं, साबणाच्या वडीसारखं. मी पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला साच्यातूनच उमटलेला एक आकडा होता आणि त्याखाली इंग्रजीत "मेड इन" एवढं. पुढे देशाचं नाव घासून गेलेलं. सांबराला शिंगं फुटतात हे मला माहीत होतं. शिंगांवर पार्ट नंबर फुटतो हे नवीन होतं.

तरी मी शेजारच्या दुकानातल्या सिंधी काकांना दाखवलं. त्यांचं रंगाचं आणि केमिकलचं दुकान, आमचा सगळा माल त्यांच्याकडून येतो. त्यांनी पट्टी टेबलावर टकटक वाजवली, नखानं खरवडली, आणि म्हणाले की बेटा, माल एक नंबर आहे, जुना फॉरेनचा, पण आहे प्लास्टिकच. वर त्यांनी विचारलं की असा माल आपण काढला तर खपेल का.

मामी स्टुलावर बसून हे ऐकत होती. मला वाटलं ती हसेल. मी स्वतः हसायच्या बेतात होते. आजोबांनी गावाला इतकी वर्षं प्लास्टिकची शिकार ऐकवली, यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण मामीचा चेहरा बघून मी थांबले.

"म्हंजे सांबर नव्हताच?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, सांबर असेलही, पण निदान या पट्ट्यांत तरी नाही.

मग तिनं मला जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. लग्न होऊन ती सोनिवलीला आली, आणि बरेच दिवस मूल झालं नाही. सासूनं तिला भगताकडे नेलं. भगतानं घरातल्या हत्याराची चौकशी केली, सांबराची गोष्ट ऐकली आणि निदान केलं की सांबराचा आत्मा या घराच्या वंशावर रुसलाय. उपाय त्यानं स्वस्तातला दिला. थोरल्या सुनेनं शिंगं असलेल्या कुठल्याच जनावराचं मांस तोंडात घालायचं नाही. पुढच्या वर्षी माझा मामेभाऊ झाला. त्यानंतर ते मोडायची हिंमत कोणाची होणार.

मासे चालायचे, कोंबडी चालायची. शिंगं नाहीत. पण बोकडाला असतात. आमच्याकडे हळदीला मटण, बारशाला मटण, साखरपुड्याला मटण, पाहुणा आला की मटण, पाहुणा गेला की उरलेलं मटण. आणि हे सगळं मटण आयुष्यभर मामीनं शिजवलं. मीठ बरोबर आहे का ते वासावर ओळखायची. ती खात नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. तिला आवडत नसेल, एवढंच मी धरून चालले होते. माहेरी तिच्या बापाच्या हातचं मटण पंचक्रोशीत नावाजलेलं होतं, हेही मला त्या दिवशीच कळलं.

मी विचारलं, मग आता? तिनं पट्ट्या रुमालासकट माझ्यापुढे सारल्या. मग म्हणाली की पयले हे जोडून दे, दसऱ्याला पूजेत घोडा ठेवायचाय, सगळी भावकी येते. मामाला काही बोलू नको. त्याला बापाचं फार आहे, त्याला हे समजलं तर झोपणार नाय.

म्हणजे त्याही घटकेला तिला काळजी मामाचीच होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यात तिची बाजू कळायला हवी.

काम मी स्वतःच केलं, कारागिराकडे दिलं नाही. फुटलेली पट्टी गोंदानं जुळवली, रंग एकसारखा यावा म्हणून दोन्ही पट्ट्यांचे सिलिकॉनचे साचे घेतले, रेझिनमध्ये पांढरा आणि पिवळा मिसळून ओतलं. पहिली जोडी निघाली ती श्रीखंडाच्या वडीसारखी. दुसरीत बुडबुडे. तिसरीला रंग जमला, मग रेघांमध्ये तपकिरी शाई भरून वरची पुसून घेतली आणि नवेपणा जावा म्हणून दोन्ही पट्ट्या कोऱ्या चहात उकळल्या. नकली शिंगाची नक्कल करताना मला एक विचित्र प्रामाणिकपणा चढला होता. मूळ प्लास्टिकशी बेइमानी नको म्हणून मी रेघ न् रेघ जुळवत होते. नवरा म्हणाला, एवढं लक्ष तू गिऱ्हाइकाच्या मालाला दिलंस तर आपण बदलापूरला बंगला बांधू.

मामा उज्जैनहून परत यायच्या आत मामीनं पट्ट्या बसवल्या आणि स्क्रू पिळले. मामा आला, गंध लावलेला, प्रसादाचे पुडे वाटत हिंडला. कपाट त्यानं दसऱ्यापर्यंत उघडलं नाही.

दसऱ्याला मीही गेले. हॉलमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर कोयता, विळा, मामेभावाचा लॅपटॉप, दोन गाड्यांच्या चाव्या आणि मधोमध रिव्हॉल्वर. मामीनं सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, लॅपटॉपला जरा कमी. मग मामानं रिवाजाप्रमाणे रिव्हॉल्वर उचललं, भावकीतल्या जावयाला दाखवायला. नवीन जावई होता, त्यानं विचारलं आणि सांबर उठलं.

सांबर ओढ्यापर्यंत आलं आणि मामा अडखळला. त्याचा अंगठा मुठीवर फिरत होता. एकदा खाली, एकदा वर, परत खाली. मी समोरच बसले होते. मामानं माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. जावयानं विचारलं, मग पुढे? मामानं कसंबसं सांबराला मारलं आणि रिव्हॉल्वर खाली ठेवलं. इतक्या घाईत ते सांबर आजवर कधी मेलं नव्हतं.

पाहुणे सोनं वाटून गेले. मामानं मला गॅलरीत बोलावलं. समोर त्याच्याच उरलेल्या शेतात दुसऱ्या बिल्डिंगचा पाया खणत होते. त्यानं मला सरळ विचारलं की मूठ कोणी बदलली. थापा मारायचा माझा विचार होता, पण मामाच्या समोर मला ते कधी जमलेलं नाही. मी चिंबोऱ्यांपासून सगळं सांगितलं. फक्त पट्ट्या प्लास्टिकच्या निघाल्या हे आणि मटणाचं सांगितलं नाही, एक मामीनं बजावलं होतं, दुसरं तिचंच होतं.

मला वाटलं तो भडकेल. तो कठड्याला टेकला आणि पोट धरून हसायला लागला. बापाच्या अंगठ्यानं जुन्या पट्टीवर एक खोबण पडली होती, म्हणाला, तीच या नव्यात बोथट लागली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मंग तुला समजलंच असंल, पोरी. प्लास्टिक हाय ते."

मामाला ठाऊक होतं. पहिल्यापासून. लहान असताना तोच बापाबरोबर मुंबईला गेला होता. मूळच्या लाकडी पट्ट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. बंदुकीच्या दुकानात खोकाभर तयार पट्ट्या होत्या, काळ्या, मोत्यासारख्या चमकणाऱ्या आणि या शिंगासारख्या. आजोबांना मोतिया हव्या होत्या, पण त्या त्यांच्या रिव्हॉल्वरच्या मापाच्या नव्हत्या. म्हणून शिंगाच्या घेतल्या. परत येताना भाताचा पेंढा नेणाऱ्या ट्रकमध्ये बसले. ड्रायव्हरनं मूठ बघून विचारलं, काय आहे हे, सांबर? आजोबा हो म्हणाले. एवढंच. ड्रायव्हरनं विचारलं कुठं मारलं. आता एकदा हो म्हटल्यावर कुठंतरी मारायला पाहिजे.

"घरी पोचेपरेंत म्हाताऱ्यानं सांबर मारून सोलला पण होता," मामा म्हणाला आणि परत हसला.

गॅलरीच्या दारात मामी चहाचे कप घेऊन उभी होती. ती कधी आली ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मामाकडे जरा वाकून बघत होती, दुकानात एखाद्या वस्तूवरची किंमत वाचता येत नाही तेव्हा वाकतात तशी.

"तुमाला म्हायत होतं?" तिनं विचारलं.

मामा म्हणाला, म्हायत म्हंजे, मी होतो ना दुकानात.

"मंग मी मटण सोडलं तवा बोललात कनाला नाय?"

मामाचं हसू अर्धवट चेहऱ्यावर राहिलं. तो खरंच आठवत होता, हे मला दिसत होतं. आईनं, भगतानं काहीतरी सांगितलं होतं, हे त्याला अंधुक आठवलं असावं. पण त्यानं जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो म्हणाला, "मना वाटला तुला आवडत नाय."

मामीनं कप कठड्यावर ठेवले. एकही थेंब सांडला नाही. ती आत गेली आणि तिनं टीव्ही लावला.

मामानं मला विचारलं, ती खरंच एवढी वर्षं पाळत होती का. मी म्हटलं हो. तो म्हणाला, बाप जिवंत असताना त्याला खोटं पाडणार कसं, आणि बाप गेल्यावर त्याला खोटं पाडणं त्याहून वाईट. हे त्याचं म्हणणं मला पटलंही, पण ते मटणाला लागू होत नव्हतं. बायकोच्या कानात एकदा सांगायला काय हरकत होती? तसं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला की कानात सांगितलेली गोष्ट आपल्या गावात नाक्यावर पोचते. मग त्यानं स्वतःच जीभ चावली, कारण मामीनं या सगळ्या वर्षांत एकही गोष्ट नाक्यावर नेली नव्हती हे त्यालाही माहीत होतं.

मामीनं भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर मामा वाचला असता, भांडणात त्याला चांगली गती आहे. ती नीट बोलायची, जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची. फक्त तिनं एक दिवस जाहीर केलं की पुढच्या रविवारी घरी मटण आहे आणि मामा करणार आहे.

मामानं त्या आधी गॅस पेटवला होता तो बिडीसाठी. त्यानं बाहेरून आणूया असं सुचवून बघितलं, मामेभावानंही एका हॉटेलाचं नाव सुचवलं. मामी म्हणाली, नाय. तुमी करायचं. मी सांगीन. आणि तिनं मला फोन करून साक्षीला बोलावलं.

मामी स्वयंपाकघराच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि जागची उठली नाही. मामा बदलापूरहून मटण घेऊन आला होता, त्यात चरबी जास्त म्हणून पहिली खरडपट्टी तिथंच झाली. मग कांदा. मामा कांदा असा कापत होता की कोणाला ओळख पटू नये. ती सांगत गेली, तो करत गेला. खोबरं भाज, काळं करू नको, काळं केलंस, परत भाज. वाटण लाव. मिक्सरचं झाकण धर. झाकण न धरल्यामुळे वाटण चिमणीला लागलं आणि मामानं ते पुसायच्या आधी बोटानं चाखून बघितलं. कधी नव्हे ते मामी "अहो" न म्हणता "तू" म्हणत होती, आणि मामाच्या ते लक्षातही आलं नाही. घाम पुसत तो मला हळूच म्हणाला की हे सगळं ती रोज करते का. मी म्हटलं, रोज, आणि कोणी खुर्चीत बसून सांगत नाही.

दुपारी जेवायला बसलो. मामानं पहिलं ताट मामीला वाढलं. तिनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, मग एक फोड उचलली आणि तोंडात घातली. आम्ही कोणी हात चालवत नव्हतो. ती चावत राहिली, खूप वेळ. मामा उभा होता, हातात पळी, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा.

मला वाटत होतं तिच्या डोळ्यात पाणी येईल. तिनं फोड गिळली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "यासाटी माणसं एवढी मरतात?"

मामा म्हणाला, माझ्या हातचं आहे, त्यावर जाऊ नकोस. ती म्हणाली की हाताचं काही नाही, मीठ बरोबर आहे, तिखट बरोबर आहे, पण दातात अडकतं आणि वास राहतो. तिच्या डोक्यात तिच्या बापाच्या हातचं मटण होतं, तेही लहानपणीच्या दातांनी खाल्लेलं. ते तिला आता कोणी आणून देणार नव्हतं, आणि ते तिला त्या पहिल्या घासालाच समजलं असावं. तिनं ताट पुढे सारलं. मग पुन्हा ओढलं. म्हणाली, कोंबडीच बरी, पण मटण आता सोडणार नाय. आणि ताटातल्या सगळ्या फोडी तिनं एकेक करून, काम उरकावं तशा, संपवल्या. हाडाचा रससुद्धा ओढून घेतला. मामा शेजारी बसून तिला वाढत होता.

त्यानंतर ती हळदीला मटणाच्या पंगतीत बसते. दोन घास खाते, उरलेलं मामाच्या ताटात टाकते आणि तो निमूट खातो. डॉक्टरांनी त्याला मटण बंद सांगितलंय, पण ते मामीला सांगायची त्याची छाती नाही.

मी ओतलेल्या पट्ट्यांचं मात्र फसलं. सिंधी काकांनी त्या महिन्यात रेझिन घट्ट करणारा हार्डनर वेगळ्या कंपनीचा दिला होता, तो उन्हात पिवळा पडतो. रिव्हॉल्वरची मूठ आता पिकल्या केळ्यासारखी दिसायला लागली आहे. मी मामाला म्हटलं, आण, नवीन करून देते, फुकट. तो नको म्हणाला. परवा एका साखरपुड्यात कोणीतरी त्याला विचारलं की काका, ही मूठ अशी पिवळी कशी पडली. मामी शेजारीच उभी होती, पदरानं वारा घेत. मामानं तिच्याकडे बघितलं, खाकरला आणि म्हणाला, वयाचं आहे, शिंग पिकलं की असंच होतं.

मामीनं त्याचा वर खोचलेला शर्ट ओढून खाली केला.